वाचकांचे प्रश्न: वॉर्डातला छळ आणि रुग्णालयाची कार्यसंस्कृती

परिचारिकांकडून परिचारिकांचाच होणारा छळ या विषयावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखिकांची आणि त्यांच्या रुग्णालयांची नावे वगळली आहेत.

प्रश्न: मी जीएनएम (परिचर्येची पदविका) झाले असून जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आठ महिन्यांपासून काम करते. पहिल्या महिन्यापासूनच आमच्या इन्चार्ज सिस्टर आणि त्यांच्या जवळच्या दोन जुन्या सिस्टर मला अपुरी ओव्हर (पाळी बदलताना द्यायची रुग्णांची माहिती) देतात आणि राउंडच्या वेळी डॉक्टरांसमोर ‘हिला काहीच माहीत नसतं’ असे सांगतात. ड्युटीच्या तक्त्यात सर्वांत जास्त नाइट माझ्या असतात आणि मागितलेला ऑफ कधीच मिळत नाही. काही विचारले की ‘कॉलेजात काय शिकलात?’ असे म्हणून सगळ्या हसतात. परिचारिकांच्या प्रमुख असलेल्या मेट्रन मॅडमना सांगितले, तर त्या म्हणाल्या, ‘आम्हीही असेच शिकलो.’ दोन वर्षे नोकरी न सोडण्याचा माझा बॉन्ड आहे आणि मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाने ठेवून घेतली आहेत. ड्युटीला निघताना छातीत धडधडते आणि रात्री झोप लागत नाही. चूक माझीच आहे का? नोकरी सोडावी का?

उत्तर: चूक तुमची नाही. आठ महिन्यांच्या अनुभवाच्या परिचारिकेकडून कामात चुका होणारच आणि त्या दाखवून देणे हे वरिष्ठांचे कामच आहे. परंतु तुम्ही जे लिहिले आहे, त्यात चूक दाखवून देणे कुठेच दिसत नाही. कामासाठी लागणारी माहिती आधी द्यायची नाही आणि ती नसल्याबद्दल नंतर चारचौघांत नावे ठेवायची, याला शिकवणे म्हणत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या छळाचा पद्धतशीर अभ्यास १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञांनी सुरू केला. त्यांनी ठरवलेली कसोटी अशी आहे, की असे वागणे आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने चाललेले असावे. सहा महिन्यांची ही अट मला कडक वाटते, कारण तेवढ्या काळात नवी मुलगी बहुधा नोकरी सोडून गेलेली असते. तरीही त्यातला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. गर्दीच्या दिवशी कुणाचा तरी आवाज चढणे वेगळे आणि ठरावीक व्यक्तीलाच पुनःपुन्हा लक्ष्य करणे वेगळे. तुमच्या बाबतीत ही कडक कसोटीसुद्धा पूर्ण होते.

तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट मला अपुऱ्या ओव्हरची वाटते. समजा, दुपारी मॉर्निंगची सिस्टर निघताना चार नंबरच्या रुग्णाचे सलाइन किती राहिले ते सांगते. पण सकाळी त्याची साखर फार खाली गेल्यामुळे डॉक्टरांनी संध्याकाळचे इन्सुलिन कमी केले आहे, हे सांगत नाही. केस पेपरवर बदल लिहिलेला असतो, पण ‘युनिट’ असे पूर्ण न लिहिता इंग्रजी यू हे एकच अक्षर घाईने आकड्याला चिकटवलेले असते. ते शून्यासारखे दिसते आणि चार युनिटचे चाळीस वाचले जातात. ही काल्पनिक भीती नाही. अशा चुकांमुळेच अमेरिकेतील जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांच्या यादीत या अक्षराचा समावेश केला. अशा वेळी रुग्णाला वाचवतो तो परिचारिकेचा साधा प्रश्न, ‘सिस्टर, हे चार आहेत की चाळीस?’ जिच्या अशाच एका प्रश्नावर मागच्या आठवड्यात सगळा वॉर्ड हसला, ती हा प्रश्न विचारत नाही, अंदाज करते. औषधांच्या सुरक्षित वापरासाठी काम करणाऱ्या आयएसएमपी या अमेरिकी संस्थेने २००३ मध्ये परिचारिका आणि फार्मासिस्ट यांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या जणांनी सांगितले, की पूर्वी धाकदपटशाचा अनुभव आल्यामुळे औषधाविषयीची शंका विचारण्याची आपली पद्धत बदलली आहे. त्या पाहणीतला धाक मुख्यतः डॉक्टरांचा होता. परंतु तो कुणाचाही असला, तरी परिचारिकेच्या गप्प बसण्याची किंमत खाटेवरच्या माणसालाच मोजावी लागते. म्हणून तुमची तक्रार ‘मला त्रास होतो’ एवढ्यावर थांबवू नका. ‘अपुऱ्या ओव्हरमुळे रुग्णाला धोका आहे’ असे लिहा, कारण ते खरे आहे आणि कोणत्याही व्यवस्थापनाला ते बाजूला सारणे अवघड जाते.

आता मेट्रन मॅडमच्या उत्तराकडे वळते. ‘आम्हीही असेच शिकलो’ हे वाक्य मी माझ्या नोकरीच्या काळात अनेकींच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते म्हणणाऱ्या बहुतेकींच्या मनात वाईट हेतू नसतो. तरीही छळ टिकून राहतो तो याच उत्तराच्या आधारावर. तुमच्या वॉर्डात तीन जणी त्रास देतात. पण तक्ता एकटीच्या हातात आहे, तो कुणी तपासत नाही, ओव्हरचा लेखी नमुना नाही, तक्रार ऐकणारी व्यक्ती आणि इन्चार्जची पाठराखण करणारी व्यक्ती एकच आहे आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून तुमच्या जाण्याचा मार्गही बंद केला आहे. ही सगळी व्यवस्था रुग्णालयाने उभी केलेली आहे. त्या इन्चार्ज उद्या निवृत्त झाल्या, तरी त्यांच्या जागी येणारी याच व्यवस्थेत बसणार आहे. पगाराचाही यात मोठा वाटा आहे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपयांची शिफारस केली होती. तेवढेही जिच्या हातात पडत नाही आणि जिच्यामागे घरचे शिक्षणाचे कर्ज आहे, तिला उठून निघून जाता येत नाही, हे वॉर्डात सर्वांना ठाऊक असते.

तुम्ही काय करावे, ते सांगते. आजपासून एका वेगळ्या वहीत तारीख, पाळी, नेमके उच्चारलेले शब्द आणि तिथे हजर असलेल्यांची नोंद ठेवा. रुग्णांची नावे त्यात लिहू नका आणि केस पेपरचे फोटो काढू नका. ते तुमच्याच अंगाशी येऊ शकते. प्रत्येक महिन्याच्या तक्त्याची प्रत मात्र जपून ठेवा, कारण सहा महिन्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले की नाइटची वाटणी कशी झाली आहे ते कुणालाही दिसते. प्रसंगाच्या वेळी काय बोलायचे, ती वाक्ये घरी मोठ्याने म्हणून तयार ठेवा. हा सल्ला वरवरचा वाटेल, पण त्याला आधार आहे. बॉस्टनमध्ये मार्था ग्रिफिन यांनी २६ नवपरिचारिकांना छळाचे प्रकार समजावून देऊन अशी वाक्ये पाठ करून घेतली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, समोरच्या व्यक्तीला शांतपणे तसे सांगितल्यावर ते वागणे थांबल्याचा अनुभव त्या मुलींनी नोंदवला. आपल्याकडे ही वाक्ये अशी असू शकतील: ‘सिस्टर, सगळ्या रुग्णांची ओव्हर पूर्ण झाल्याशिवाय मला चार्ज घेता येणार नाही.’ ‘माझी चूक असेल तर मला बाजूला घेऊन सांगा, मी सुधारते, रुग्णासमोर नको.’ आवाज खाली ठेवायचा आणि पुढे स्पष्टीकरण देत बसायचे नाही.

त्यानंतर मेट्रनना लेखी अर्ज द्या, त्याची प्रत वैद्यकीय संचालकांना आणि मनुष्यबळ विभागाला द्या आणि पोचेची सही घ्या. शक्य असल्यास तुमच्यासारखाच अनुभव आलेल्या दुसऱ्या एका तरी परिचारिकेची सही सोबत असू द्या. कायद्याच्या बाबतीत मला तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही. कामाच्या ठिकाणच्या सर्वसाधारण छळाविरुद्ध आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेल्या, कामाच्या ठिकाणचा छळ आणि हिंसा रोखण्यासाठीच्या १९० क्रमांकाच्या कराराला भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. मात्र टोमण्यांना लैंगिक स्वरूप असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीच्या असाल आणि जातीवरून चारचौघांत अपमान होत असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. वॉर्डात ‘कोट्यातून आलेल्या’ असे सहज बोलले जाते आणि ऐकणाऱ्याही गप्प राहतात, हे मी मुद्दाम नोंदवते.

नोकरी सोडण्याविषयी विचारले आहे, तर माझे मत असे आहे की लेखी अर्ज दिल्यानंतर महिन्या-दीड महिन्यात काहीच हालचाल झाली नाही, तर दुसरी जागा बघून मगच राजीनामा द्या. त्यात हार मानण्यासारखे काही नाही. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीपुरती दाखवायची असतात, ती परत मिळावीत म्हणून आत्ताच स्वतंत्र अर्ज करा आणि बॉन्डची प्रत वकिलांना किंवा परिचारिका संघटनेला दाखवा. आणि धडधड, झोप न लागणे ही लक्षणे अंगावर काढू नका. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आपण इतरांना औषधाच्या वेळा पाळायला सांगतो, तेवढ्याच आग्रहाने हे स्वतःसाठी करा.

प्रश्न: मी शासकीय रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाची परिसेविका (इन्चार्ज सिस्टर) आहे. गेल्या वर्षात माझ्याविरुद्ध दोन तक्रारी झाल्या, दोन्ही कंत्राटी मुलींच्या. मी रागावते, हे मला मान्य आहे. साठ खाटांच्या वॉर्डात ऐंशी रुग्ण, काही जमिनीवर, आणि रात्री दोन सिस्टर. नव्या मुलींना साधे इंट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेत घालायची नळी) लावता येत नाही. मृत्यू झाला की नातेवाईक माझ्या अंगावर येतात, अधीक्षक मलाच मेमो देतात. अशा स्थितीत आवाज चढला, तर मी छळ करणारी ठरते का? दोष माझ्या स्वभावाचा की व्यवस्थेचा?

उत्तर: तुमच्या पत्रातला प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटला. म्हणून उत्तरही तसेच देते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी आणि रजेसाठी ३० टक्के जागा वेगळ्या धराव्यात. ऐंशी रुग्णांना रात्री दोन सिस्टर देणाऱ्या रुग्णालयाने तुमच्या रागावर नुसता मेमो काढणे हा अन्याय आहे. इतक्या ताणाखाली कुणाचाही आवाज चढतो. परंतु दोन्ही तक्रारी कंत्राटी मुलींच्याच का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा. कायम सिस्टरवर राग निघत नाही, कारण त्यांच्यामागे संघटना असते आणि त्या उलट उत्तर देऊ शकतात. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतामार्फत (आउटसोर्सिंगने) होणाऱ्या भरतीविरुद्ध काम बंद आंदोलन केले, तेव्हा कमी पगारावर, अस्थिर नोकरीवर आलेल्या मुलींची पिळवणूक होईल ही भीती त्यामागे होती. ती पिळवणूक वॉर्डात आपल्याच हातून होऊ नये, एवढी अपेक्षा मी तुमच्याकडून करते.

अमेरिकेतील परिचर्या-संशोधक सुसान रॉबर्ट्स यांनी १९८३ मध्ये असा विचार मांडला, की परिचारिका वर्षानुवर्षे डॉक्टर आणि प्रशासन यांच्या दबावाखाली राहतात, वर उत्तर देता येत नाही, आणि मग तो राग आपल्यातल्याच दुबळ्यांवर निघतो. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांच्या मांडणीचा त्याला आधार होता. अधीक्षकांचा मेमो हातात पडल्यावर पुढच्या तासाभरात तुम्ही कुणाशी कसे बोलता, हे आठवून पाहा. या विचारातले तथ्य लगेच जाणवेल. तरीही मला ही मांडणी अपुरी वाटते, कारण तिच्यामुळे ‘बायकाच बायकांच्या शत्रू’ या जुन्या समजुतीला बळ मिळते आणि प्रशासन नामानिराळे राहते. ऑस्ट्रेलियातील मेरी हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेमका हाच आक्षेप घेतला. त्यांनी परिचारिकांशी बोलून दाखवून दिले, की छळ बहुधा अधिकृत मार्गांनीच चालतो. ड्युटीची वाटणी, कामाचे मूल्यमापन, रजेची मंजुरी, चौकशी ही सगळी नियमातली साधने असतात आणि म्हणूनच बाहेरून काही वावगे दिसत नाही. छळ करणाऱ्यांचे आपसांत साटेलोटे असते, ते एकमेकांना सांभाळून घेतात आणि पुष्कळदा बढतीही मिळवतात, असेही त्यांना आढळले. आपल्याकडे वरिष्ठांनी लिहिलेल्या कामाच्या गोपनीय अहवालांचा अनुभव असलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

संस्था असे वागणे चालू देते, तेव्हा त्याचा शेवट कुठे होतो, हे इंग्लंडने मिड स्टॅफर्डशरच्या रुग्णालयात पाहिले. २०१३ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस यांनी दिलेल्या चौकशी अहवालात रुग्णांची भयंकर हेळसांड नोंदवलेली आहे. तहानलेल्यांना पाणी मिळत नव्हते, अंथरूण ओले तसेच राहत होते. वरून खर्चकपातीचा आणि उद्दिष्टांचा दबाव होता, परिचारिका कमी केल्या होत्या आणि बोलणाऱ्यांवर दहशत होती. पुढे २०१५ मध्ये फ्रान्सिस यांच्याच दुसऱ्या अहवालाच्या शिफारशीवरून तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या संस्थांमध्ये कर्मचाऱ्यांचे म्हणणे निर्भयपणे ऐकून घेणारी, नेहमीच्या वरिष्ठांच्या साखळीबाहेरची व्यक्ती नेमली जाऊ लागली. आपल्या जिल्हा रुग्णालयांत यासाठी नवे पद निर्माण होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसऱ्या विभागातील एखाद्या ज्येष्ठ आणि विश्वासू अधिकाऱ्याकडे ही जबाबदारी लेखी आदेशाने देता येते. तक्रार आपल्याच इन्चार्जविरुद्ध असेल, तर ती त्याच इन्चार्जमार्फत पाठवावी लागते, ही सध्याची रीत बंद झाली तरी फार मोठा फरक पडेल.

तुमच्या हातात जे आहे, ते आधी करा. ऑफची मागणी एका वहीत तारखेनिशी लिहून घ्या आणि तक्ता लावताना ती वही सर्वांना पाहू द्या. कायम असो वा कंत्राटी, नाइट सारख्या वाटल्या जातील असा नियम लिहून भिंतीवर लावा. इंट्राकॅथ न येणाऱ्या मुलीला पहिले पंधरा दिवस एका ठरावीक जुन्या सिस्टरबरोबरच ड्युटी द्या आणि त्या सिस्टरचे काम तेवढे हलके करा. चूक झाली तर खाटेपासून दूर नेऊन सांगा. आणि मनुष्यबळ कमी असल्याचे प्रत्येक वेळी, रुग्णसंख्या आणि हजर परिचारिकांची संख्या लिहून, अधिसेविकांमार्फत (मेट्रनमार्फत) अधीक्षकांना कळवत राहा. हे कागद साठत गेले, तर पुढच्या मेमोला उत्तर देताना तुमच्या पाठीशी काही असेल, आणि राग जिथे पोहोचायला हवा तिथे तो लेखी पोहोचेल. ज्या दोन मुलींनी तक्रार केली, त्यांच्याशी स्वतः बोला. त्या अजून तुमच्याच वॉर्डात असतील, तर तक्ता त्यांच्यावर सूड म्हणून लावला गेला असे कुणालाही वाटू देऊ नका.

परिचारिकांचा स्वभावच असा, असे म्हणणाऱ्यांना मी मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण करून देते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. शेवटच्या काळात त्यांना जेवू घालणाऱ्या कित्येक जणींचा, अरुणा कामावर होत्या तेव्हा, जन्मही झालेला नव्हता. जुन्या सिस्टरनी नव्यांच्या हाती ते काम सोपवले आणि नव्यांनी ते आपले मानले. एका वॉर्डात असे होऊ शकते, तर दुसऱ्या वॉर्डातही होऊ शकते.

प्रश्न: मी नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. प्रात्यक्षिकासाठी वॉर्डात गेलेल्या मुलींना तेथील स्टाफ खासगी कामे सांगतो, आणि नकार दिल्यास केसबुकवर (प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीवर) सही देत नाही. मुलींना सोसायला शिकवावे की विरोध करायला?

उत्तर: सोसायला नक्कीच शिकवू नका. आज जी सोसते, तीच दहा वर्षांनी ‘आम्हीही असेच शिकलो’ म्हणते. विद्यार्थिनींच्या बाबतीत कायदा तुलनेने भक्कम आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. तो शिक्षणसंस्थेच्या आवाराबाहेरही लागू होतो आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. वॉर्डातल्या स्टाफचे प्रत्येक वागणे त्यात बसेलच असे नाही. म्हणून रुग्णालयाशी असलेल्या प्रशिक्षण करारात दोन गोष्टी लिहून घ्या. एक म्हणजे विद्यार्थिनींना प्रशिक्षणाबाहेरची कामे सांगितली जाणार नाहीत, आणि दुसरी म्हणजे केसबुकवर सही करण्याचा अधिकार महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक-शिक्षिकेलाही असेल. करार नव्याने होईपर्यंत तुम्ही किंवा तुमच्या सहकारी आठवड्यातून दोनदा तरी ओव्हरच्या वेळी वॉर्डात हजर राहा आणि प्रलंबित सह्यांची यादी स्वतः अधिसेविकांकडे घेऊन जा. मुलींना एकट्या पाठवू नका.